अरुणला लावलेला काना

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या शाळेतलं जुनं कपाट रिकामं करायचं ठरलं आणि तिथल्या मुख्याध्यापिकेनं मला फोन केला. ती एकेकाळी माझ्याच वर्गात बसून विज्ञान शिकली होती. खालचे दोन खण वाळवीनं संपवले होते, वरच्या खणातली काही पुस्तकं बरी होती. रद्दीत द्यायच्या आधी तुम्ही एकदा बघून जा मॅडम, असं ती म्हणाली. मी गोंदियाहून सालेकशापर्यंत गाडीनं गेले, तिथून ऑटोनं गावात. कपाटासमोर स्टुलावर बसून धूळ झटकत असताना हातात ‘चंद्राच्या पोटात’ आलं. मुखपृष्ठावर निळं आकाश, तिरका उडालेला लाल अग्निबाण आणि त्याच्या खिडकीतून हात हलवणारा एक मुलगा. मी त्या मुलाकडे बराच वेळ बघत राहिले. मला तिथे मुलगी आठवत होती.

‘अग्निबाण साहसमाला’ हे त्या पुस्तकांचं नाव. सहा पातळ पुस्तकं होती, त्यातली पाच सापडली. अरुण नावाचा तेरा वर्षांचा मुलगा आणि त्याचे शास्त्रज्ञ काका घरामागच्या आवारात अग्निबाण बांधतात आणि दर पुस्तकात चंद्रावर नाहीतर एखाद्या ग्रहावर जाऊन येतात. मी आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलं, त्यामुळे आता ही पुस्तकं वाचताना हात लाल पेनाकडे जातो. चंद्राच्या पोटात नदी वाहते आणि तिच्या काठी निळं गवत उगवतं. शुक्रावरची झाडं माणसं खातात. अग्निबाण सुरू करायला एक पितळी दांडा ओढावा लागतो आणि काका तो ओढायच्या आधी दर वेळी चष्मा पुसतात. वजन नाहीसं झालं म्हणून तरंगणारी माणसं पुढच्याच पानावर ताटं मांडून जेवायला बसतात. सगळं चुकीचं आहे. आणि तरी काकांनी दांडा ओढला की लाल पेन आजही बाजूला राहतं.

आमचं घर गावाच्या टोकाला होतं. कवेलूचं कौलारू छप्पर, पुढे ओसरीसारखी छपरी, तिच्यापुढे शेणानं सारवलेलं अंगण. रेल्वेलाईनीच्या पलीकडे बाबांनी धानाची शेती ठेक्यानं घेतलेली होती. बाबा आणि माझा मोठा भाऊ तिथे राबत. रोवणी-कापणीच्या दिवसांत मायही चिखलात असे, पण बाकीचं वर्ष ती छपरीत बसून बिड्या वळत असे. शेजारची फुलाकाकू पानं-तंबाखूचं आपलं सूप घेऊन आमच्याकडेच यायची. रात्रभर ओल्या फडक्यात ठेवलेली तेंदूची पानं, ती कापणाऱ्या कात्र्यांचा करकर आवाज, तंबाखूचा नाकात चढणारा वास, आणि मधूनच मालगाडी. मालगाडी आली की फळीवरची भांडी थरथरायची आणि बोलणारी माणसं आपोआप गप्प व्हायची. शेवटचा डबा गेला की माय तिचं अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच उचलायची. भांड्यांचा तो आवाज मी अजून ओळखीन. दुपारी भात, लाखोरीचं वरण आणि लाल मिरचीचा ठेचा. त्यानंतर पुन्हा बिड्या, संध्याकाळ होईपर्यंत. माझी बोटं लहान आणि चपळ होती, म्हणून शाळेतून आले की माझ्याही मांडीवर सूप यायचं. मला ते काम आवडत नव्हतं. हाताला तंबाखूचा कडवटपणा चिकटायचा आणि जेवताना तो भातात उतरायचा.

सातवीत असताना मी शाळेतून त्या मालेचं पहिलं पुस्तक आणलं आणि कामातून सुटण्यासाठी एक युक्ती केली. “माय, मी तुमाले गोष्ट वाचून दाखवू का?” मायनं मान वर न करता सांगितलं, “वाच. जोवर वाचशील तोवर बिडी नको वळू.” घरात वाचता येणारी मी आणि माझा भाऊ. बाबा सही करायचे, माय अंगठा. मी पाय पसरून, खांबाला टेकून सुरुवात केली. आमच्या वर्गात अरुणा नावाची मुलगी होती, तिच्यामुळे असेल, पहिल्याच ओळीत मी ‘अरुण’च्या जागी ‘अरुणा’ वाचलं. फुलाकाकूची कात्री थांबली.

“पोट्टी हाय का वं?” तिनं विचारलं.

मायनंही मान वर केली होती. त्या दोघी इतक्या उत्सुक होऊन माझ्याकडे कधी बघत नसत. “हो,” मी म्हटलं, “पोट्टी हाय.”

एवढ्या एका शब्दाची किंमत किती, हे ज्यानं मराठी मोठ्यानं वाचलं आहे त्यालाच कळेल. नावाला काना लावून भागत नाही. तो धावला, त्याने पाहिले, तो घाबरला नाही, त्याचा हात, त्याचे डोके. प्रत्येक वाक्याचं शेपूट बदलावं लागतं, तेही न अडखळता. पहिले काही दिवस मी शाळेतच पुढची पानं काढून अरुणच्या प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं बारीक काना लावून ठेवायची. अकरा पानांपर्यंत तसे काने आहेत, मी आता मोजले. पुढे गरज पडली नाही. डोळ्यांना ‘गेला’ दिसायचं आणि तोंडातून ‘गेली’ निघायचं, जणू ते तसंच छापलेलं आहे.

माय आणि फुलाकाकू कधी निमूट ऐकत नसत. चंद्राच्या पोटातल्या नदीकाठी धान होतं का? अग्निबाणात चूल कशी पेटवतात, धूर कुठून जातो? शुक्रावरची झाडं माणसं खातात, तर तिथली बायामाणसं सरपण कुठून आणतात? मला येईल तसं मी उत्तर द्यायची. मायचा एक प्रश्न मात्र दर पुस्तकात यायचा. “तिची माय का म्हनते?” काय म्हणते, हे तिला हवं असायचं. छापील पुस्तकात अरुणची आई पहिल्या पानावर येते, लाडवांचा डबा देते, पदरानं डोळे पुसते आणि संपते. मायला एवढ्यावर सोडायला माझं मन होत नसे. मग मी मनानं जोडायची. अरुणाची माय म्हणते, जा, पण जेवणाच्या वेळा पाळ. अरुणाची माय रोज अंगणात येऊन वर बघते. आता पुस्तकं परत हाती आल्यावर मी ही वाक्यं शोधत बसले. मला ती कुठल्या पानावर, कुठल्या कोपऱ्यात आहेत हेही आठवत होतं. ती नाहीत. पाचही पुस्तकांत त्या बाईच्या तोंडी एक शब्द नाही.

त्याच सुमारास गावातल्या एकुलत्या एका रेडिओवर कळलं की माणसं चंद्रावर चालून आली. चावडीजवळ गर्दी झाली. फुलाकाकू ऐकून घरी आली आणि सूप मांडीवर घेता घेता म्हणाली, “हे आता जाऊन राहिले. आमची अरुणा पयलेच जाऊन आली.” माय हसली. ती क्वचित हसायची, तेही तोंड मिटून. गोष्ट ही गोष्ट असते हे तिला कळत होतं, पण छापलेल्या अक्षरावर तिचा मोठा भरवसा होता. “लिवलं हाय म्हनजे कोनीतरी पाह्यलं असन,” ती म्हणायची.

सातवीची परीक्षा झाली. आमच्या गावची शाळा तिथेच संपत होती. पुढचं शिकायचं तर सालेकशाला, रेल्वेलाईनीच्या कडेकडेनं तासाभराची चाल. गावातली एकही मुलगी त्या वाटेनं गेलेली नव्हती. मोहफुलांचे दिवस होते. अंगणभर फुलं वाळत घातलेली, घरभर तो गोड, जड वास. अशा एका दुपारी गोंदियाहून मामा आला. मायचा धाकटा भाऊ, एका कचेरीत कामाला, बोलण्यात निम्मी हिंदी. मायनं तांदळाच्या पिठाचे वडे केले. जेवण झाल्यावर छपरीत बसून त्यानं बाबांना आमगावकडच्या एका घराविषयी सांगितलं. धानाची स्वतःची शेती, दोन जोड्या बैल, मुलगा कामाचा. “दाजी, असं स्थळ बार बार येत नाही,” तो म्हणाला. मी दाराआड उभी होते. ते माझ्याविषयी बोलत आहेत हे कळायला मला थोडा वेळ लागला.

बाबांच्या आधी बोलली माय. “सुशी आठवीत जाईन. सालेकश्याले.”

“रोज येवढ्या दूर?” बाबा म्हणाले. “पोट्टीची जात हाय. लाईनीनं एकटी कशी जाईन?”

“अरुणा तेरा वर्साची हाय,” माय म्हणाली. “मायबापाले सोडून चंद्रावर जाऊन आली. मंग माही पोट्टी सालेकश्यापर्यंत काऊन नाई जाणार?”

“कोण अरुणा?” मामानं विचारलं.

“पुस्तकातली. सुशे, आन वं, दाखव मामाले.”

मी हलले नाही. मायला वाटलं मी लाजते आहे. ती स्वतः उठली, आत जाऊन फडक्यात बांधून ठेवलेलं पुस्तक घेऊन आली आणि तिनं ते दोन्ही हातांनी मामापुढे धरलं. मामानं ते उघडलं, दोन पानं वाचली, मागे गेला, पुन्हा वाचलं. मग तो हसायला लागला.

“ताई, यात तर पोट्टा आहे. अरुण. अरुण म्हणाला, अरुण धावला. ये देखो, हिनं पेन्सिलनं काना लावला.”

“तू नीट वाच,” माय म्हणाली.

“मी नीटच वाचून राहिलो. हिनं तुला खोटं वाचून दाखवलं. शिकून पोट्ट्या हेच करतात.”

माय माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिनं मामाच्या हातातून पुस्तक घेतलं आणि मला दिलं. “वाच. जसं लिवलं हाय तसं.”

अरुण पहिल्यांदा चंद्रावर पाय ठेवतो ते पान उघडलं गेलं. आमचं सगळ्यांत आवडतं पान. माझी जीभ सवयीनं ‘उतरली’ म्हणाली. मी थांबले आणि ‘उतरला’ म्हटलं. अरुण शिडीवरून खाली उतरला. त्याने वाकून मूठभर माती उचलली. तो मुळीच घाबरला नव्हता. वाक्य संपलं की मी मायकडे बघायची आणि ती मान हलवून पुढे वाच म्हणायची. अर्धं पान झाल्यावर ती म्हणाली, “बंद कर.” ती अंगणात उतरली आणि उन्हात पसरलेली मोहफुलं हातानं वर-खाली करू लागली. ती सकाळीच वर-खाली करून झाली होती. मामा संध्याकाळच्या गाडीनं गेला. जाताना आमगावच्या पाहुण्यांना काय कळवू म्हणून त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, “सांगतो.”

दुसऱ्या दिवसापासून वाचन थांबलं. मी न सांगता सूप मांडीवर घेतलं. फुलाकाकूनं विचारलं, “काऊन वं, आज अरुणा नाई का?” मी खाली मान घातली. माय म्हणाली, “तिचे डोये दुखून राहिले.” पुढेही फुलाकाकूनं दोन-चारदा विचारलं आणि मायनं दर वेळी काहीतरी कारण सांगितलं. खरं तिनं कधीच सांगितलं नाही. फुलाकाकू अरुणाला मुलगी समजूनच म्हातारी झाली आणि तशीच गेली. मायला माझी लाज झाकायची होती की तिची स्वतःची, हे मी तिला कधी विचारू शकले नाही.

पुढे तेंदूची पानं तोडायचे दिवस आले. पहाटे निघून उन्हं चढेपर्यंत जंगलात वाकून पानं तोडायची. अशाच एका सकाळी, माझ्याकडे पाठ करून पानं तोडत असताना तिनं विचारलं, “कायले बदलवलं?”

“पयल्या दिवशी चुकून झालं,” मी म्हटलं. “मंग तुमी दोघी खुश झाल्या.”

“अन् मंग?”

“मंग मले वाटे, मीच जाऊन राहिली.”

तिनं हातातली पानं एकावर एक लावली, दोऱ्यानं बांधली आणि टोपलीत ठेवली. “मले वाचता येत नाई, हे तुले मालूम होतं.”

“हो.”

“म्हनून केलं.”

ती मला विचारत नव्हती. मी पुढची फांदी वाकवली. पुढे माझ्या वर्गात एखादं पोरगं खोटं बोलताना सापडलं की मी शिक्षा करायची नाही, याचं माझ्या सहकाऱ्यांना नवल वाटायचं.

शाळा उघडायच्या दिवशी मला तिनं उठवलं तेव्हा माझा स्कर्ट धुऊन दोरीवर वाळलेला होता आणि भात-ठेच्याचा डबा फडक्यात बांधलेला होता. बाबा छपरीत बसले होते. तिनं त्यांना एवढंच सांगितलं, “मी पोचवून येतो.” बायामाणसंही आमच्याकडे कधी कधी ‘येतो’च म्हणतात. बाबांनी तिला अडवलं नाही. आम्ही लाईनीच्या कडेनं निघालो, ती पुढे, मी मागे. एक मालगाडी आली तेव्हा आम्ही खाली उतरून उभ्या राहिलो. गाडी गेल्यावर ती म्हणाली, “पुस्तकात पोट्टी नाई म्हनून मी तुले घरी ठेवू का?”

मी रडायला लागले. ती चालतच राहिली. थोडं पुढे गेल्यावर, मागे न बघता म्हणाली, “पन आता माह्यापुढं वाचू नको.”

सालेकशाच्या शाळेत मुख्याध्यापकांनी प्रवेशाचा कागद पुढे केला. मी शेजारीच उभी होते, सातवीत पहिली आलेली. मायनं शाईत अंगठा बुडवायच्या आधी त्यांना म्हटलं, “याच्यात का लिवलं हाय ते तुमी सांगा, गुरुजी.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि स्वतः वाचून दाखवलं. तिनं अंगठा उठवला.

माझ्यापुढे वाचू नको, हा शब्द तिनं जवळजवळ तीस वर्षं पाळला. मी शिकत गेले. पहिल्या वर्षी ती रोज लाईनीच्या वळणापर्यंत सोडायला यायची, पुढच्या वर्षी आणखी दोन मुली माझ्यासोबत येऊ लागल्या, मग आणखी. कॉलेजसाठी मी नागपूरला गेले. तिथून लिहिलेली पत्रं ती पोस्टमनकडून वाचून घ्यायची. सुट्टीत मी घरी असताना सोसायटीचा एखादा कागद आला, तर तो पदराखाली धरून ती शेजारी जायची. नाहीतर माझा भाऊ शेतावरून यायची वाट बघायची, पण मला देत नसे. प्रेमात काही कमी नव्हतं. मी नोकरीला लागले तेव्हा तिनं गावभर वडे वाटले. फक्त अक्षरांच्या बाबतीत मी तिच्यासाठी घरात नव्हते. मला याची सवय झाली, असं मी लोकांना सांगायची.

मग तिला खोकला लागला. आयुष्यभर बिडी ओढली नव्हती, पण आयुष्यभर तंबाखूत बसली होती. भाऊ आणि मी तिला गोंदियाच्या एका दवाखान्यात घेऊन गेलो. तपासण्या झाल्या, दोन दिवसांनी रिपोर्ट आला. भाऊ मला जिन्यात बाजूला घेऊन म्हणाला, “तिले नको सांगू. छातीत पानी झालं म्हन.” मी आत गेले तेव्हा सिस्टर सलाईन बदलत होती आणि रिपोर्टचा कागद पलंगावर पडलेला होता. मायनं तो सिस्टरपुढे धरला. “बाई, याच्यात का लिवलं हाय?”

“माताजी, अंग्रेजी में है. आपकी बेटी पढ़ देगी ना, मैडम है,” सिस्टर म्हणाली आणि निघून गेली.

माय तो कागद हातात घेऊन बसली. पंख्यानं तो फडफडत होता. मी दुसरीकडे बघत होते, कारण ती कोणाची तरी वाट बघेल हे मला माहीत होतं. मग तिनं तो माझ्याकडे केला. “वाच.”

भाऊ दारात उभा होता. इंग्रजी शब्द माझ्यापुढे होते आणि त्यांच्या जागी दुसरे ठेवणं मला फार सोपं होतं. मी ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक शब्द आमच्या बोलीत आणत वाचत गेले. फुप्फुसात गाठ आहे. ती दुसऱ्या बाजूलाही गेली आहे. कापून काढता येणार नाही. रोगाचं नाव आलं तेही मी वाचलं. भाऊ दारातून निघून गेला. माय शेवटपर्यंत ऐकत होती, पूर्वी छपरीत ऐकायची तशी, फक्त आता हात मांडीवर रिकामे होते.

“किती दिवस, हे लिवलं हाय का?”

“नाई. तसं नाई लिवलं.”

“मंग घरी चाल,” ती म्हणाली. “धान कापाले आलं. अन् तुह्या भावाले सांभाळ. त्याले वाचता येते, पन आयकवत नाई.”

दुसऱ्या दिवशी आम्ही सालेकशाला उतरलो. ऑटो करू म्हटलं तर नको म्हणाली. गावापर्यंत बसत-उठत, दम घेत ती आपल्या पायांनी आली. त्यानंतर ती चार महिने होती. मी शाळेतून रजा घेतली आणि गावातच राहिले. त्या चार महिन्यांत घरात आलेला प्रत्येक कागद, औषधाच्या डबीवरची चिठ्ठी, ग्रामपंचायतीची नोटीस, कोणाकोणाच्या लग्नपत्रिका, ती माझ्यापुढे सरकवायची आणि डोळे मिटून बसायची. मी वाचायची.